डिस्कची वाटणी

आमच्या तालुक्याच्या एका कार्यालयातील सर्व्हरला एकच डिस्क असून तिच्यावर सोळा टेबलांची कामे एकदम आदळतात, सबब दाखले निघत नाहीत, ही बाब दाखले बंद पडून तीन आठवडे झाल्यावर प्रशासनाच्या निदर्शनास आली.

उपाय संगणक सांभाळणाऱ्या कुलदीपकडे होता. सर्व्हरच्या कर्नेलमध्ये, म्हणजे कोणाचं लिहिणं-वाचणं आधी सोडायचं हे ठरवणाऱ्या आतल्या मुकादमाकडे, प्रत्येक टेबलाचा वाटा नोंदवता येतो. भोळ्या कुलदीपने दाखल्यांच्या खिडकीला हजाराचा वाटा दिला आणि बाकी सगळ्यांना शंभराचा.

कार्यालयाचे प्रमुख पुनमचंदसाहेब खुर्चीतून उठले. हे सहसा घडत नाही.

"खिडकी हजार आणि मी शंभर? ज्येष्ठता यादी वाचली का तुम्ही?"

साहेबांना हजार मिळाले. मग अव्वल कारकून रामप्रसाद रुसले, त्यांनाही मिळाले. बुधवारपर्यंत सगळी टेबलं हजारावर होती, त्यात गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या एकाचंही होतं.

"साहेब, समद्यांना हजार म्हंजे पैल्यावानीच झालं की," कुलदीप म्हणाला.

"पहिल्यासारखं कसं? पहिले हजार होते का कोणाला?"

आता कोणाचा तरी वाटा काढणं भाग होतं. जनतेचं नाव ज्येष्ठता यादीत सापडेना, म्हणून खिडकी 'फुरसत गटा'त गेली: बाकी कोणाचंच काम नसेल तेव्हाच तिला डिस्क. शिवाय आपला वाटा कसा वापरला याचा अहवाल प्रत्येक टेबलाने दर दहा मिनिटांनी लिहायचा होता. त्याच डिस्कवर.

शुक्रवारी पुसेगावजवळच्या तांड्यावरून शकुंतलाबाई चौथ्यांदा आल्या. लेक शिवकन्याच्या नर्सिंगच्या प्रवेशाला जातीचा दाखला हवा होता आणि मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मीही रांगेत होतो.

दीड वाजता कार्यालय जेवायला गेलं. अहवाल थांबले, डिस्क मोकळी झाली आणि बंद खिडकीच्या काचेआड शिवकन्याचा दाखला प्रिंटरमधून अलगद बाहेर आला. बाई काचेला नाक लावून तासभर त्याच्याकडे बघत राहिल्या.

अडीचला रामप्रसादांनी तो उचलला, त्यावरची वेळ वाचली आणि फाडला.

"आवो! काहून फाडला? पोरीचं वर्स जाईन ना!"

"बाई, सुट्टीत कार्यालय बंद असतं. बंद कार्यालयातून दाखला निघेलच कसा? नव्याने अर्ज करा."

बाईंनी तिथेच नवा अर्ज भरून दिला. कुलदीपला राहवेना. साडेचारला साहेब चहाला गेले तसा तो खिडकीशी आला. "साहेब यायच्या आत एका अर्जाला डिस्क मोकळी करून देतो. बाईंचा सोडू? तुमी समदे व्हय म्हना फकस्त."

रांग कळवळली. "सोडा, सोडा! लेकराचा सवाल हाय," असं आम्ही एकमुखाने म्हणालो. "तेवढं आमचं आधी होऊ द्या." आमच्यापैकी आधी कोणाचं, हे साहेब परत आले तरी ठरलं नव्हतं.

पाच वाजता खिडकी बंद झाली. डिस्क मोकळी झाली आणि काचेआड दाखला पुन्हा अलगद बाहेर आला.

काचेपाशी उभ्या शकुंतलाबाईंनी वळून रांगेकडे बघितलं. मला फार वाईट वाटलं. मी लगेच मान फिरवून मागे बघितलं, म्हणून तर रांगेत माझ्यामागे उभे असलेले तुम्ही मला दिसलात. तुम्हीही मागेच बघत होतात.