मोठे सर आत, शाळा बाहेर

"माझ्याशिवाय या शाळेत फळ्यावर खडूसुद्धा उमटत नाही!" असं मुख्याध्यापक, म्हणजे सगळ्यांचे मोठे सर, रोज बायकोला ऐकवत. "हो का!" म्हणून ती भाजी चिरत राही.

अशात वरून हुकूम आला : शिक्षकांची समिती नेमा, शाळा कशी सुधारायची ते तिला ठरवू द्या. मोठे सर पोट धरून हसले. गणिताच्या बाई, खेळाचे सर आणि ग्रंथपाल यांना त्यांनी एका खोलीत बसवलं. "बोला, चहा प्या. ठरवायचं ते मी ठरवीन!" म्हणाले आणि स्वतः कार्यालयात बसून सूचना लिहू लागले.

तपासणीचा दिवस उजाडला. पाचवीला धड वाचता येत नाही म्हणून शाळा बंद होणार अशी कुणकुण होती. मोठ्या सरांनी घणाघाती भाषण पाठ केलं होतं. माईक आणायला ते खेळाच्या सामानाच्या खोलीत शिरले. वाऱ्यानं दार धाडकन आपटलं आणि बाहेरून कडी पडली!

"अहो, कुणी आहे का?"

फोन टेबलावर राहिलेला. दार बडवून बडवून हात सुजले. शेवटी ते गाद्यांच्या चळतीवर चढले आणि झरोक्याला पालीसारखे चिकटले.

मैदानात तपासणीचे साहेब येऊन उभे होते! पण पायऱ्यांवर हे काय? पाचवीची पोरं मोठमोठ्यानं वाचत होती. प्रत्येकाच्या शेजारी सातवीतलं एकेक पोर. आणि खेळाचे सर, ज्यांच्या हातात शिट्टीखेरीज काही कुणी पाहिलं नव्हतं, ते मांडी घालून ऐकत होते!

"कल्पना कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"आधी माझी होती, ती सपशेल आपटली," गणिताच्या बाई म्हणाल्या. "मी जादा तास घेतले, पोरं झोपली. मग ग्रंथपाल म्हणाले, पोरांनाच पोरांना शिकवू द्या. जोड्या खेळाच्या सरांनी लावल्या."

"अहो, आपटलेलं कशाला सांगता!" मोठे सर झरोक्यात कळवळले. गेली शाळा!

पण साहेब हसले. "आपलं चुकलेलं सांगणारी शाळा पहिल्यांदाच बघतोय. ही बंद करायला माझी सही मिळायची नाही!"

एवढ्यात एक चिमुरडी उभी राहिली. गेल्या वर्षी जोडाक्षर दिसलं की भोकाड पसरणारी हीच! तिनं अख्खं पान न अडखळता वाचलं. डोंगर पहिल्यांदाच पाहावा तसे मोठे सर आपल्याच शाळेकडे बघत राहिले. हे सगळं त्यांच्या भिंतीपलीकडे चाललं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता!

साहेब गेल्यावर खेळाच्या सरांनी कडी काढली. मागे बाई आणि ग्रंथपाल.

"सर, तुम्ही इथं? आम्ही तर साहेबांना सांगितलं, आमचे सर आमच्यावर सोपवून मुद्दाम बाजूला राहतात. साहेब एकदम खूश!"

धुळीनं माखलेल्या मोठ्या सरांनी ऐटीत मान हलवली. "अर्थात! तसंच ठरवलं होतं मी."

"मग मघापासून दार कोण बडवत होतं?"

मोठे सर कानापर्यंत लाल झाले. "मीच. अडकलो होतो हो!" मग हळूच म्हणाले, "पुढच्या बैठकीला मी आलो तर चालेल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"या की," बाई म्हणाल्या. "फक्त मधेमधे बोलायचं नाही. हात वर करायचा!"