कुलूपकाकांची खोटी उत्तरं

पडदे भिजवायला काकू बादलीवर वाकल्या आणि गाऊनच्या खिशातला मोबाइल बुडकन आत गेला. हात घालून त्यांनी तो बाहेर काढला, पुसला, हलवला, त्याच्यावर फुंकरही मारली. पण मोबाइलने राम म्हटला होता. एरवी काकूंचा जीव एवढा खालीवर झाला नसता. पण त्यांची नोकरी त्या मोबाइलमध्ये होती.

गेली वीस वर्षं काकू घरी बसून आळीभरच्या लोकांचे कपडे उसवून-शिवून देत होत्या. अशात त्यांनी कुणालाही न विचारता एका नाटक कंपनीच्या कपडेपटात अर्ज केला आणि काल चक्क कंपनीची मेल आली. नेमणूक झाली आहे, उद्या दुपारी बारापर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. होकार चार ओळींत नीट लिहावा म्हणून काकूंनी तो सकाळवर ढकलला होता. आता अकरा वाजत आले होते, आणि कंपनीचा फोन नंबरही त्या मेलमध्येच होता.

"अहो, ऐकलंत का? माझी मेल तेवढी कॉम्प्युटरवर उघडून द्या," काकूंनी बाहेरच्या खोलीत हाक मारली.

"हात्तिच्या! एवढंच ना?" काका म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. बायकोला नोकरी लागली याचा होताच, पण तिला आपली गरज लागली याचा जरा जास्तच झाला होता.

काकांना त्यांच्या ऑफिसात कुलूपकाका म्हणत. कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेवर एक दिवसाचं शिबिर झालं होतं, तिथे बाकीचे सगळे डुलक्या काढत होते आणि काका एकटे जागे होते. तेव्हापासून त्यांना दिसेल त्याला कुलूप लावायची सवय जडली. काकूंचं मेलचं खातंही त्यांनीच उघडून दिलं होतं आणि त्याची राखण तेच करत.

काकांनी पासवर्ड टाकला. चुकला. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लागलेला होता, तो बंद करून पुन्हा टाकला. तरी चुकला. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कारण निम्मे आजार त्यानेच बरे होतात. हा उरलेल्या निम्म्यांतला निघाला.

"कुठे लिहून ठेवलाय का?" काकूंनी विचारलं.

"पासवर्ड लिहून ठेवायचा? अगं, मग चोराला चहाही करून दे!"

"निदान चोराला तरी मेल वाचता येईल."

काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवून 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर टिचकी मारली. तुमच्या मोबाइलवर एक आकडा पाठवला आहे, असं उत्तर आलं. मोबाइल स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरलेला होता. पण काका हार मानणारे नव्हते. त्यांनी त्यातलं सिम काढलं, फडक्याने कोरडं केलं आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये घातलं. मोबाइलने सिमचा पिन मागितला.

"सिमलाही कुलूप?" काकू म्हणाल्या.

"मोबाइल हरवला तर कुणी सिमचा गैरवापर करू नये म्हणून मीच लावलंय," काका जरा अभिमानाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "पिन मात्र... डोक्यातच होता गं."

आता एकच वाट राहिली होती. खातं उघडताना तीन प्रश्नांची उत्तरं दिलेली असतात, ती पुन्हा द्यायची. पडद्यावर पहिला प्रश्न आला : तुमचा आवडता रंग कोणता? खाली ताकीद होती की तीन चुका झाल्या की खातं दिवसभरासाठी बंद होईल.

"हे सोपं आहे, सरका," म्हणत काकू पुढे झाल्या.

"थांब! खरं उत्तर नकोय. खरी उत्तरं कुणालाही शोधून काढता येतात. म्हणून मी तिन्ही ठिकाणी ठोकून खोटं लिहिलंय."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याच सुरक्षिततेसाठी!"

"मग काय खोटं लिहिलंय?"

काकांनी डोळे मिटले, कपाळ चोळलं आणि 'जांभळा' असं लिहिलं. एक चूक झाली. मग 'करडा' लिहिलं. दोन झाल्या. त्यांचा हात तिसऱ्यांदा कीबोर्डकडे जायला लागला तेव्हा काकूंनी तो मनगटापाशी धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या आखूड करून झाल्यावर कुणीतरी त्यांना राजाचा अंगरखा शिवायला बोलावलं होतं, आणि मध्ये हा कुलूपवाला बसला होता. काकांना ते पाणी दिसलं आणि त्यांचा सगळा तोरा उतरला.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. "मी एवढी पक्की खोटी उत्तरं दिलीत की जगात कुणाला सापडायची नाहीत."

काकूंनी पदराच्या सवयीने बाहीला डोळे पुसले आणि त्या त्यांच्याकडे टक लावून बघायला लागल्या.

"अहो, तुम्हाला खोटं कुठे बोलता येतं? समोर दिसेल ते बोलता तुम्ही. त्या दिवशी उशीर का झाला विचारलं, तर कोपऱ्यात छत्री दिसली म्हणून म्हणालात, छत्री दुरुस्त करत होतो. बाहेर ऊन रणरणत होतं."

"तू तेव्हा काही बोलली नाहीस!"

"कशाला बोलायचं? चांगली दुरुस्त झाली होती छत्री." काकूंनी खुर्ची मागे ओढली. "असे बसा. खातं उघडलंत तेव्हा इथेच बसला होतात ना? समोर ही खिडकी. तेव्हा हिला कुठले पडदे होते?"

"पडदे? पडदे होते का?"

"मीच शिवलेले, नारिंगी."

काकूंनी 'नारिंगी' लिहिलं. कॉम्प्युटरवर दुसरा प्रश्न आला. लहानपणी तुम्हाला काय व्हायचं होतं? काकूंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीवर भलामोठा दात रंगवलेली जुनी पाटी होती. त्यांनी 'दंतवैद्य' लिहिलं. तेही बरोबर निघालं. काका आपल्याच घरात चोरी होताना पाहावी तसे बघत होते.

तिसरा प्रश्न होता : तुमची सगळ्यात जवळची मैत्रीण कोण? काकूंनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीच्या बाजूला जिथे आता कपाट होतं, तिथे तेव्हा त्यांचं मशीन असायचं. मग त्यांनी 'शिलाई मशीन' लिहिलं, आणि खातं उघडलं.

"हेही खोटं म्हणून लिहिलंत?"

"मग काय! मशीन कधी कुणाची मैत्रीण असते का?"

काकूंनी कीबोर्ड पुढे ओढला. त्यांनी आधी होकाराच्या चार ओळी लिहिल्या, दोनदा वाचल्या आणि बाराच्या आत पाठवल्या. लगेच कंपनीचं उत्तर आलं की सोमवारी या, येताना स्वतःची कात्री आणा. काकांनी टाळ्या वाजवल्या. मग काकूंनी नवा पासवर्ड ठेवला आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरंही बदलायला घेतली. काका डोकावायला लागले तसा त्यांनी कीबोर्डवर हात आडवा धरला.

"मला सांग ना काय लिहितेस. खोटंच लिही हं!"

"नाही. या वेळी सगळं खरं लिहिलंय."

"वेडी का काय तू? खरं कुणीही ओळखेल!"

"तुम्ही ओळखा बघू. आवडता रंग."

"निळा," काका लगेच म्हणाले.

"नाही."

"मग हिरवा. हिरवाच!"

"दोन चुका झाल्या," काकू म्हणाल्या आणि बादलीतले पडदे पिळायला निघून गेल्या.

काकांनी तिसरा रंग सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते हळूच उठले, आत जाऊन पडद्याचं दुसरं टोक धरलं आणि पिळता पिळता बायकोकडे नीट बघायला लागले.