अंगणातलं दुर्मीळ पाइन

निवृत्त प्राध्यापकांनी हयातभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्याच विषयात एकदाच थाप मारली, तीही कुंपणाशी उभं राहून.

शेजारचे वकील म्हणाले होते, "तुमच्या झाडाच्या काड्यांनी माझी पन्हळ तुंबते. उद्या माणसं बोलावतो, तोडून टाकू."

"लोकांना ते सुरूचं झाड वाटतं," प्राध्यापक म्हणाले, "पण आहे पाइन. थंड डोंगरातलं. जगात मोजकीच उरलीत. हात लावलात तर तुरुंगात जाल."

कायद्याचं नाव निघाल्यावर वकील गप्प बसणं शक्यच नव्हतं. ते तडक वृक्ष विभागात गेले. तिथल्या अधिकारी बाई हिशेब खात्यातून नुकत्याच बदलून आलेल्या. प्राध्यापकांच्या शब्दावर विसंबून त्यांनी झाडाभोवती दोर बांधला आणि पाटी लावली : खोदकामास सक्त मनाई.

नेमकी त्याच आठवड्यात प्राध्यापकांची मोरी तुंबली. पाइप झाडाखालून गेलेला. प्लंबर आला, पाटी वाचली आणि पहार खांद्यावर टाकून चालता झाला.

बायको टॉवेल घेऊन वकिलांकडे आंघोळीला जाऊ लागली. "त्यांच्याकडे पाणी छान गरम येतं," एवढंच ती म्हणायची. शेवटी प्राध्यापकही गेले. ते साबण लावत असताना वकिलांनी दाराबाहेरून विचारलं, "झाडाची तब्येत काय म्हणते?"

प्राध्यापकांनी कसंबसं अंग पुसलं आणि थेट वृक्ष विभाग गाठला.

"बाई, ते सुरू आहे."

"काय सुरू आहे?"

"झाड. सुरूचं झाड. पाइन नाही."

"पुरावा?"

"मी प्राध्यापक आहे."

"मागच्या वेळीही होतात."

मग अंगणात प्राध्यापकांनी एक काडी मोडून दाखवली. "ही बघा, पेरापेरानं तुटते. पाइनचं पान असं तुटत नाही. पाइनला फूल येत नाही, सुरूला येतं. दोघांचं कूळ वेगळं. हे समुद्रकाठच्या वाळूतलं, हवं तितकं मिळतं. दुर्मीळबिर्मीळ काही नाही."

बाईंनी दोर सोडायला घेतला. तेवढ्यात वकील धावत आले.

"थांबा. त्या दोराला हात लावू नका."

"अहो, तुम्हालाच तोडायचं होतं ना?" प्राध्यापक म्हणाले.

"तेव्हा मी नुसता शेजारी होतो. काल गल्लीनं वृक्ष संरक्षण समिती काढली, मी अध्यक्ष आहे. समितीकडे हे एकच झाड आहे." वकिलांनी दोराची गाठ पुन्हा आवळली. "ते सुरू असो की कोथिंबीर, माझी मुदत संपेपर्यंत ते दुर्मीळच राहील."