चहा आला की भूत येतं

"माझं नाक गुन्हेगाराच्या आधी गुन्ह्यापाशी पोचतं," असं इंजिनियर लुत्फी नेहमी सांगे. अलेक्झांड्रियातल्या त्या छोट्या कचेरीचा गुप्तहेर म्हणून त्याने स्वतःच स्वतःची नेमणूक केली होती. नाक मोठं आहे, एवढं त्याची मदतनीस इनासही मान्य करी.

सर्व्हरवर नजर ठेवायला लुत्फीने 'पहारेकरी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता आणि रोज तो आपल्या लॅपटॉपवरून चालू करी. गेला आठवडाभर त्या पहारेकऱ्याचीच भुतं, म्हणजे कोणी चालवत नसताना चालू राहिलेल्या प्रती, सर्व्हरवर हिंडत होती. समोर माणूस नाही, स्क्रीन नाही, तरी जागी, आणि सर्व्हरची सगळी ताकद फस्त करणारी. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"परदेशी टोळी!" लुत्फी सोमवारी म्हणाला. मंगळवारी त्याला वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचा संशय आला. बुधवारी त्याने टेबलावर मूठ आपटली.

"इनास! चहा येतो आणि पाच मिनिटांत भूत जन्मतं. रोज! चहा कोण आणतं?"

एकवीस वर्षं चहा बय्यूमीकाकाच आणत होते. कचेरीच्या मालकीणबाईंनी फर्मावलं, संध्याकाळपर्यंत दुसरा आरोपी सापडला नाही तर काका घरी.

"चहात काय घालता?" लुत्फीने काकांना दरडावलं.

"पुदिना, साहेब."

"पुदिना! आणि मग?"

"मग तुम्ही लॅपटॉपचं झाकण धाडकन आपटता आणि गॅलरीत जाता. त्या बिचाऱ्याला साधा सलामसुद्धा नाही. अहो, फोन ठेवतानासुद्धा माणूस चार वेळा 'सुखरूप राहा' म्हणतो!"

इनास ताडकन उठली. फोन ठेवणं! झाकण मिटलं की लॅपटॉपची सर्व्हरशी जोडणी तुटते आणि सर्व्हर प्रोग्रॅमला 'हँगअप'चा इशारा देतो: पलीकडच्याने फोन ठेवला, आता तूही आवर. तिने पहारेकऱ्याचा कोड उघडला. हँगअप आला तर काय करायचं, तिथे लिहिलं होतं: दुर्लक्ष. शेजारी लुत्फीचीच टीप होती: 'निरोप न घेता फोन आपटणाऱ्या उद्धटाकडे सभ्य प्रोग्रॅमने लक्ष देऊ नये.'

म्हणून पहारेकरी बंद फोनवर दिवसभर 'हॅलो, हॅलो' करत बसे, सेकंदाला हजारो वेळा.

"याला संस्कार म्हणतात!" लुत्फी म्हणाला.

"आणि तो उद्धट म्हणजे तुम्हीच," इनास म्हणाली. तिने 'दुर्लक्ष' खोडून 'आवर आणि निघ' लिहिलं. काकांनी चहा आणला, लुत्फीने सवयीने झाकण आपटलं. भूत आलं नाही.

संध्याकाळी लुत्फीने अहवाल दिला: 'आरोपी अज्ञात, पण विलक्षण बुद्धिमान. चहा निर्दोष.' काकांची नोकरी वाचली.

तेव्हापासून काका लुत्फीच्या चहात साखर घालत नाहीत. रोज तो एक घोट घेतो, नाक वर करतो आणि म्हणतो, "परदेशी टोळी!"