जवळ जाऊ नये

निसर्गाचे रक्षण करायचे, तर निसर्ग नेमका कुठे आहे हे आधी जनतेला कळले पाहिजे. तलावकाठ संवर्धन समितीने हा विचार एकमताने मान्य केला. त्या एकमतात राखणदार प्रशांतचेही मत होते, किंबहुना सूचनाच त्याची होती.

झाले असे, की औंधच्या पलीकडचा तलाव उन्हाळ्यात आटला आणि उघड्या वाळूवर नदी सुरय पक्ष्याच्या जोडीने अंडी घातली. आजवर जलपर्णीची राखण केलेल्या प्रशांतला आकाश ठेंगणे झाले. पिल्ले पाण्यापर्यंत चालत जाताना पाहायची, एवढेच त्याच्या मनात होते. समितीकडे समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानांची नियमावली होती. (समुद्र सोडला तर आपल्याकडे सगळे आहे, असे अध्यक्ष लालासाहेबांचे मत.) तीत फलक लावा म्हटले होते. फलक लागला: 'येथे दुर्मिळ पक्ष्याची अंडी आहेत. जवळ जाऊ नये.' खाली बाण.

तोवर तिकडे मेंढरेसुद्धा फिरकत नव्हती. आता कशाच्या जवळ जायचे नाही ते बघायला शिरवळपासून सांगलीपर्यंतची माणसे येऊ लागली. ठरलेल्या अंतरावरून अंडी दिसेनात, तेव्हा लोकभावनेचा आदर म्हणून अंतर कमी केले. पुढच्या रविवारी आणखी आदर केला. मग 'मी पक्ष्यांना त्रास दिला नाही' असा सेल्फी पॉइंट उभारला, मागे अंडी येतील अशा बेताने. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून किंचाळत. (अहवालात याची नोंद 'पर्यटकांचे स्वागत' अशी आहे.)

वड्याचा गाडा लावणारा गुंडा म्हणाला, "पाखराला सांग की रं, आजून दोन घाल म्हणावं. मागच्यांना दिसत न्हाईत."

"गुंडा, पाखरू अंड्यावर बसंना झालंय. उनानं उकडून जात्याल ती."

"मग? लोकं बी उनातच हुबी हाईत की!"

प्रशांत लालासाहेबांकडे धावला. "आवं सायेब, बोर्ड काढूया. पाया पडतो."

"आरं, बोर्ड काढला तर जवळ जायाचं न्हाई, हे लोकान्ला कळायचं कसं?"

बैठकीत प्रशांत स्वतः हेच बोलला होता.

अंडी उबलीच नाहीत. जोडी निघून गेली, आणि रिकाम्या आभाळाखाली प्रशांत लहान मुलासारखा रडला. समितीने तिथे सिमेंटची अंडी बसवली, मागच्यांनाही दिसतील एवढी. आता पर्यटकांचा वन्यजीवांना उपद्रव शून्य आहे. (वन्यजीवही शून्य आहेत, पण तो रकाना वेगळा.)

यंदा ती जोडी दुसऱ्या एका तलावावर आली आहे. प्रशांतला ठाऊक आहे, पण तो कुणाला सांगत नाही. हकिगत ऐकून हळहळणारा प्रत्येक जण त्याला शेवटी एकच विचारतो, "कुठला तलाव? नुसतं लांबूनच बघू." तुमच्याही ओठांवर तेच आले होते. तुम्ही सज्जन, म्हणून गिळलेत इतकेच.