बहात्तर चादरींच्या माघारीची हकीकत

आकाश हे सार्वभौम. ते कोणाचे अंकित नाही, त्याचा वकील कोठे राहत नाही, सबब त्याच्या मनातील मसलत काढणे हे मोठे जोखमीचे काम. ते काम पंधरा वर्षांच्या एका मुलीने, लाँड्रीच्या गच्चीवर, एका काचेच्या बरणीच्या बळावर कैसे सिद्धीस नेले, येविशीची हकीकत घडली तैसी लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही, आणि घातले असेल तर ते थोडे.

तो मुलूख आत्याबाईसाहेबांचा. खाली लाँड्री, मध्ये बिऱ्हाड, वर गच्ची आणि गच्चीवर आठ दोऱ्या, ऐसी दौलत त्यांनी स्वपराक्रमे राखिली होती. पदरी इस्त्रीवाले काका हे जुने सरदार, इस्त्रीहून अधिक तापट, आणि दुसरी बाईसाहेबांची भाची, जिला अवघ्या गल्लीने वादळबाई हा किताब थट्टेने बहाल केला होता. वादळबाईंनी गच्चीचे कोपऱ्यात आपले ठाणे बसविले होते. काठीवर फिरणारा पत्र्याचा बाण, तो वाऱ्याचा जासूद; कापलेली बाटली, ती पावसाची मोजदाद ठेवणारी; आणि सर्वांत मातबर ती काचेची बरणी, तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधिलेले आणि रबरावर शीतपेयाची नळी आडवी चिकटविलेली. बाहेरील हवेचा दाब घटला की रबर फुगावे, आणि रबर फुगले की नळीचे टोक खाली यावे, आणि टोक खाली आले की वादळ निघाले ऐसे समजावे, ही त्या बरणीची विद्या.

परंतु त्या साली तीन वेळा नळी झुकली, आणि तीन वेळा वादळबाईंनी जिन्यातून हाकारा दिला, आणि तीन वेळा ओल्या चादरी काढून घरात आणिल्या, खुर्च्यांवर, दारांवर, काकांच्या सायकलीवर पसरल्या, आणि तिन्ही वेळा आकाश दिवसभर निर्लज्जपणे निळेच राहिले. चादरींस कुबट वास लागला, चादरी ज्या लॉजच्या, तेथील मॅनेजर नाक धरून बोलून गेले, मग आत्याबाईसाहेबांनी फर्मान काढिले की, आणखी एक वेळ खोटी आवई उठली तर बरणी, बाण, बाटली अवघे भंगारवाल्याचे स्वाधीन व्हावे, आणि भाचीने गच्चीवर यावे ते केवळ कपडे वाळत घालावयास. काकांनीही त्या फर्मानास दुजोरा देऊन कळविले की, या बरणीपेक्षा आपल्या डाव्या गुडघ्यास अधिक कळते.

वादळबाई पोटभर रडल्या, मग नाक पुसून त्यांनी आपली वही उघडिली आणि तिन्ही पराभवांच्या तारखा एकाखाली एक मांडिल्या. तिन्ही सोमवार. सोमवार हा लॉजच्या चादरींचा वार, त्या दिवशी सकाळभर बॉयलर पेटे, आणि बॉयलरचे धुराडे गच्चीतून निघे ते बरणीपासून हातभर अंतरावर. तेव्हा त्यांस उमगले की, धुराड्याने बरणी तापत होती आणि आतील हवा फुगत होती आणि नळी मुजरा करीत होती तो बॉयलरास, वादळास नव्हे. मग कोणासही कळू न देता त्यांनी बरणी उचलिली आणि जिन्याखालच्या गार कोनाड्यात नेऊन ठेविली, जेथे ऊनही पोहोचत नाही आणि धुराडेही, आणि पुढे दोन महिने नळी आणि आकाश यांचा ताळा रोज वहीत पाहिला.

ऐसे असता एके सोमवारी लॉजमध्ये मोठी वऱ्हाडाएवढी मंडळी उतरणार म्हणून बहात्तर पांढऱ्या चादरी आल्या, संध्याकाळी सहाचे आत पोहोच करण्याचा करार. दुपारपर्यंत आठही दोऱ्या भरल्या. ऊन ऐसे की गच्चीवर पाय ठरेना. अडीचाचे सुमारास वादळबाईंनी कोनाड्यात डोकावून पाहिले तो नळी मागील कागदावर आखलेल्या दोन रेघा खाली, आणि बॉयलर तर अकरा वाजताच विझलेला. गच्चीवर येऊन पाहती तो पत्र्याचा बाण तोंड फिरवून थरथरतो आहे, आणि पश्चिमेस, इमारतींचे मागे, पिंजलेल्या कापसाचा एक ढीग उभाच्या उभा चढतो आहे. त्यांनी चारचा सुमार बांधिला. आता पेच असा पडला की, गप्प राहावे तर बरणी वाचते आणि चादरी जातात. बोलावे आणि चुकावे तर बरणी जाते, आणि पुन्हा कोणी आपले ऐकेल ही आशाही जाते. वादळबाई जिन्यात क्षणभर बसल्या, मग उठल्या आणि खाली गेल्या.

आत्याबाईसाहेब चिठ्ठ्या टाचीत होत्या. त्यांनी वर न पाहता विचारिले, "आलं वाटतं वादळ?"

"चारला येईल."

काका इस्त्रीमागून म्हणाले, "घ्या. माझी सायकल बाहेर काढून ठेवतो."

"आत्या, आधी तीनदा चुकले ते बरणी धुराड्याजवळ होती म्हणून. तापायची ती. मी वादळ सांगत नव्हते, तुझी धुलाई सांगत होते." भाचीने वही पुढे धरिली. "आता ती जिन्याखाली आहे. बॉयलर बंद आहे. तरी नळी खाली आलीये."

आत्याबाईसाहेबांनी वही पाहिली, त्यातून त्यांस फारसा बोध जाहला नाही. मग खुर्ची मागे सारून खाशा स्वारीने गच्चीवर कूच केले. आकाशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. पहिल्या दोरीवरील चादरीचा काठ हाती घेऊन गालास लाविला, मग तिसऱ्या दोरीवरील, मग आठव्या. तीस वर्षे चादरी पारखीत आलेला तो गाल. ऐशा उन्हात दोन तासांत चादर कडकडीत व्हावी हे त्यास पाठ होते.

"दमट आहेत," त्या म्हणाल्या. "एवढ्या उन्हात दमट. हवेतच पाणी आहे गं." आणि जिन्यातून खाली हुकूम सोडिला, "काका, या वर. सगळ्या काढायच्या."

काकांनी गुडघ्याची सबब सांगितली, ती नामंजूर जाहली. मग तिघांनी मिळून माघारीस आरंभ केला. भाचीने चिमटे काढावे, आत्याने चादर ओढून खांद्यावर टाकावी, काकांनी गठ्ठा छातीशी धरून बडबडत जिना उतरावा, ऐशी सात दोऱ्यांची फौज सुखरूप आत आली आणि आठवीवर चारच शिपाई राहिले असता तीन चाळीसास ऊन एकाएकी विझले. वाऱ्याने पहिलाच हल्ला ऐसा केला की समोरच्या गच्चीवरील खुर्ची पालथी जाहली, रस्त्याची धूळ तिसऱ्या मजल्यास चढली आणि मागोमाग टपोरा पाऊस आडवा चालून आला. तीन चादरी हाती लागल्या. चौथी वाऱ्याने कैद करून शेजारच्या पाण्याच्या टाकीवर गुंडाळिली.

मग खाली खिडक्या लावून काकांनी एकाहत्तर दमट चादरी इस्त्रीने वाळविल्या, वाफेत त्यांचा चष्मा दिसेनासा जाहला, आणि पावणेसहास माल लॉजवर पोहोचला. गल्लीत दुसऱ्यांच्या दोऱ्या चिखलात लोळत होत्या. काकांनी त्या पाहिल्या आणि गुडघ्याचा विषय काढिला नाही.

वादळबाई जिन्याखाली वही घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे तोंड उतरले होते. आत्याने कारण विचारिले.

"वीस मिनिटं चुकले."

टाकीवरून सोडवून आणिलेली चौथी चादर, चिखलाने माखलेली, आत्याबाईसाहेबांचे हाती होती.

"ही परत धुवायला लागणार. उद्या ऊन आहे का?"

भाचीने नळीकडे पाहिले. ती पुन्हा वर चढू लागली होती. "आहे. दिवसभर."

तेव्हा आत्याबाईसाहेबांनी दुसरा प्रश्न केला नाही, खिडकीबाहेर पाहिले नाही, काकांचे मत मागविले नाही, आणि चादर बादलीत भिजत टाकिली. येणेप्रमाणे आकाशाशी मोहीम फत्ते जाहली. वादळ परतविले म्हणून नव्हे, तर चादर बादलीत पडली म्हणून, हे येथे मुद्दाम नमूद केले असे.