मालगाडीची गरारी

झाशीच्या रेल्वेत दिवाकररावांची उभी नोकरी मालगाडीच्या इंजिनांची दुरुस्ती करण्यात गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही चाकाकडे पाहून त्यांना एकच प्रश्न पडे : हे ओढणार किती? मुलीसाठी, मनस्वीसाठी, पहिली सायकल घ्यायला गेले तेव्हाही त्यांनी दुकानदाराला हेच विचारलं होतं. (दुकानदाराने आधी सायकलकडे, मग चिमुरड्या मनस्वीकडे पाहिलं आणि "बस इसी बिटिया को, साहब" असं काळजीच्या सुरात सांगितलं.)

अशा माणसाने शर्यतीची गाडी घरी बनवायला घेतली. पण गोष्ट मानाची होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत विसर्जनाची आरती कायम जुन्या घराण्यांकडे, म्हणजे पेशव्यांच्या फौजेबरोबर आलेल्यांकडे. रेल्वेबरोबर आलेल्यांनी सतरंज्या घालायच्या आणि खिरापत वाटायची. दिवाकररावांची बायको उषाताई माहेरच्या जुन्या घराण्यातल्या, आणि आरतीचं ताट दरवर्षी त्यांच्या थोरल्या भावाच्या, भीमरावांच्या हातात. लग्न झाल्यापासून दिवाकरराव मेहुण्याच्या पाठीमागे उभे राहून झांजा वाजवत आले होते. मेहुण्याची पाठ त्यांना आता पाठ झाली होती आणि एकदा तरी गणपती समोरून बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

यंदा मंडळातल्या तरुणांनी टूम काढली : घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत. जो जिंकेल त्याची आरती, आणि त्याचीच गाडी बाप्पाची ट्रॉली ओढणार.

"जावईबापू, तुम्हीपण उतरताय?" भीमराव मिशीला हात लावत म्हणाले. "उतरा, उतरा. आमचे पूर्वज झाशीला घोड्यावरून आले. तुमचे बहुतेक पासावर आले असतील!"

झालं. दिवाकररावांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

लोखंडी नळ्यांचा सांगाडा झाला, स्कूटरची चाकं आली, जुन्या जनरेटरचं इंजिन बसलं. राहिली फक्त गरारी, म्हणजे मागच्या आसावरचं ते दातेरी चाक, ज्यावर चेन चढते. मनस्वी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मराठी सगळी कळे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"बाबा, पीछे की गरारी बड़ी लगाओगे तो ताक़त मिलेगी, स्पीड नहीं. मैदान एकदम सपाट है. छोटी लगाओ."

"अगं, भार आला की छोटी गरारी मान टाकते."

"कौन सा भार? आप अकेले बैठोगे!"

"गाडी म्हटली की भार आलाच," दिवाकरराव अधिकारवाणीने म्हणाले. (स्वयंपाकघरातल्या उषाताईंनी हे आपल्याला उद्देशून आहे असं समजून संध्याकाळचा चहा रद्द केला.)

दतिया गेटच्या दुकानात त्यांनी सगळ्यात मोठी गरारी मागितली. दुकानदाराने ती दोन्ही हातांनी उचलून काउंटरवर ठेवली आणि आदराने विचारलं, "काए बाबूजी, पहाड़ पे चढ़ने है का?"

चाचणी मात्र दणक्यात झाली. शेजाऱ्यांची कित्येक महिने बंद पडलेली जीप दिवाकररावांनी गाडीला बांधली आणि अलगद फाटकाबाहेर ओढून काढली. कॉलनीने टाळ्या वाजवल्या. दिवाकररावांनी मनातल्या मनात आरतीला नेसायचं सोवळंसुद्धा ठरवून टाकलं. शर्यतीत जीप ओढायची नसते, ही किरकोळ बाब तेवढी त्यांच्या ध्यानात आली नाही.

शर्यतीच्या दिवशी शिट्टी वाजली. भीमरावांनी सगळ्यात छोटी गरारी लावली होती. त्यांची गाडी जी सुटली ती धुरळ्यात दिसेनाशी झाली. दिवाकररावांच्या इंजिनाने अशी डरकाळी फोडली की मैदानाबाहेरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. पण गाडी? गाडी निघाली वरातीच्या चालीने. उषाताई शेजारून चालत होत्या, आणि त्यांना अधूनमधून थांबावं लागत होतं.

"घाम पुसू का हो?" त्यांनी चालता चालता विचारलं.

"नको," दिवाकरराव दात आवळून म्हणाले. "वेगात लक्ष विचलित होतं."

ते पोचले तेव्हा बक्षीस वाटून झालं होतं आणि मांडववाला दोऱ्या सोडत होता.

विसर्जनाच्या दिवशी भीमरावांची गाडी मोठ्या थाटात बाप्पाच्या ट्रॉलीला जुंपली. मोरया झाला, भीमरावांनी हँडलच्या मुठीला पीळ दिला, इंजिन किंचाळलं, खालून धूर निघाला. ट्रॉली जागची हलली नाही. पुन्हा मोरया, पुन्हा धूर. तिसऱ्या मोरयाला धूरही निघाला नाही. मग सगळी मंडळी हळूहळू झांजा घेऊन उभ्या असलेल्या दिवाकररावांकडे वळून बघू लागली.

त्यांनी गाडी आणली, ट्रॉली बांधली आणि बाप्पा लोण्यासारखा हलला. दिवाकररावांना खरोखर भरून आलं. "बघ, भार आला की नाही?" ते मनस्वीला म्हणाले.

भार आलाच होता. जिंकलेले भीमराव आरतीचं ताट घेऊन ट्रॉलीवर बाप्पाशेजारी बसले होते, त्यांच्यामागे त्यांची बायको, मुलं, सुना आणि माहेरच्या मानाने उषाताई. दिवाकरराव सगळ्यांच्या पुढे होते, म्हणजे यंदा गणपती त्यांच्या पाठीमागे होता आणि झांजांच्या काळात निदान कडेने दिसायची ती सोंडही आता दिसत नव्हती.

तरी दतिया गेट ओलांडताना त्यांनी इंजिनाला पूर्ण पीळ दिला. एवढ्यात शेजारून चालणारी मनस्वी दोन्ही हात वर करून ओरडली, "अरे धीरे! ज़रा धीरे चलो!"

दिवाकररावांची छाती फुगली. त्यांच्या गाडीला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी हळू जायला सांगत होतं. त्यांनी उदार मनाने पीळ सैल केला आणि भीमरावांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बरं बाई, घेतो हळू."

मनस्वी त्यांच्या कानाशी वाकली.

"आप नहीं, बाबा. ढोलवाले. वो लोग बहुत आगे निकल गए."